आधी रात्री मोजा, किलोमीटर नंतर

वाचकाचं पत्र :

मी एकसष्ट वर्षांची. सांगलीजवळ राहते, शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. आमचे हे चौसष्टचे, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. गेल्या वर्षी त्यांनी जुनी ईको घेतली, पाच सीटर, पेट्रोलवरची. दिवाळी झाली की मागचं सीट काढून पलंग, टपावर पाण्याची टाकी, आत गॅसची शेगडी असं सगळं वेल्डिंग करून बसवणार आहेत. मे महिन्यात सांगलीहून कन्याकुमारी, तिथून सरळ श्रीनगर, लेह, मनाली आणि परत, असा बावीस दिवसांचा बेत आहे. भिंतीवर नकाशा लावून त्यावर लाल रेघही मारली आहे. मलाही जायचंय, अगदी मनापासून. पण रात्री कुठे राहायचं विचारलं की म्हणतात, “गाडीतच, त्यासाठीच तर करतोय हे सगळं.” माझे गुडघे दुखतात, रात्री दोनदा तरी उठावं लागतं. हे त्यांना कसं सांगू? त्यांना बीपीची गोळी चालू आहे. पुण्याची मुलगी म्हणते, या वयात हे नसते उद्योग कशाला? मला गाडी येते, लायसन्सही आहे, पण हायवेला कधी घातली नाही. जावं का? आणि जायचं तर आखणी कुठून सुरू करू?

– एक वाचक, सांगली

ताई,

जा. मुलीची काळजी खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे आणि तो घरी बसणं हा नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात आवडलेलं वाक्य म्हणजे “मलाही जायचंय, अगदी मनापासून.” ते नसतं तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

आता भिंतीवरच्या लाल रेघेबद्दल. सांगली ते कन्याकुमारी साधारण तेराशे किलोमीटर. कन्याकुमारी ते श्रीनगर हा राष्ट्रीय महामार्ग ४४, देशातला सगळ्यात लांब, सदतीसशेच्या वर. पुढे लेह सव्वाचारशे, लेह ते मनाली तेवढंच आणि मनालीहून घरी बावीसशेच्या आसपास. बेरीज आठ हजारांवर जाते. बावीस दिवसांनी भागलं तर रोज साडेतीनशेच्या वर येतात आणि त्यात एकही सुट्टीचा दिवस नाही. ईकोसारख्या गाडीत सामान भरून, चहापाणी आणि टोलनाके धरून ताशी पंचेचाळीस-पन्नासची सरासरी पडली तरी चांगली. म्हणजे रोज आठ तास गाडीत, घाटात दहा. ही ड्यूटी झाली. तीस-पस्तीस वर्षं वर्कशॉपमध्ये ड्यूटी केलेल्या माणसाला ती जमेलही, पण मग तुम्ही दोघांनी पाहायचं काय आणि कधी?

त्यातून महिना निवडलाय मे. हा महामार्ग हिंगणघाट, नागपूर, सिवनी असा वर जातो. त्या पट्ट्यात मे महिन्यात दुपारी पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि रात्री बारा वाजतासुद्धा पत्रा तापलेलाच असतो. त्या गाडीत झोप लागणं अशक्य. आणि झोपेसाठी इंजिन चालू ठेवून एसी लावायचा विचार कुणीही करू नये, तो सरळ जिवावरचा खेळ आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं : नकाशावरून रेघ काढून टाका आणि कॅलेंडर घ्या. या प्रवासाची आखणी रात्रीपासून सुरू करायची. आज रात्री गाडी कुठे उभी राहणार, तिथून संडास किती पावलांवर आहे, पाणी कुठलं, सकाळी आवरायला किती वेळ लागेल, ही चार उत्तरं मिळाली की मगच त्या दिवसाचे किलोमीटर ठरतात. हे काम यजमानांचं नाही, तुमचं. गाडी त्यांच्याकडे, मुक्काम तुमच्याकडे, अशी सरळ वाटणी करा. “मला त्रास होतो, कसं सांगू” हा प्रश्न मग उरणारच नाही. कॅलेंडरवर मुक्काम लिहिणारं माणूस तुम्ही असाल, तर जिथे रात्रीची सोय नाही ते ठिकाण यादीत येणारच नाही.

आणि एकाच दमात कन्याकुमारी ते काश्मीर हा हट्ट सोडून दोन प्रवास करा. दक्षिण हिवाळ्यात, उत्तर पावसाळ्यानंतर.

दक्षिणेला संक्रांत करून निघा. कारण अगदी व्यवहारी आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरच्या मध्यापर्यंत पाठ सोडत नाही. चौदा जानेवारीच्या मकरज्योतीपर्यंत केरळात शबरीमलाच्या भाविकांची गर्दी असते आणि पोंगलच्या चार दिवसांत तमिळनाडूत लॉज आणि रस्ते दोन्ही भरलेले. अठरा-वीस जानेवारीला निघालात तर हे सगळं मागे पडलेलं असतं. गोव्यात उतरून महामार्ग ६६ धरा : गोकर्ण, मुर्डेश्वर, उडुपी, कण्णूर, मग कन्याकुमारी. केरळात या रस्त्याच्या रुंदीकरणाची कामं बऱ्याच ठिकाणी चालू असतात, म्हणून तिथे दिवसाला दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त धरू नका. कन्याकुमारीला विवेकानंद केंद्राचा मोठा आवार आहे, तिथे राहायची व्यवस्था आहे, आधी चौकशी करून खोली घ्या. परतताना मदुराईहून तंजावर नक्की करा. बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजीराजांनी कोरून घेतलेला मराठी लेख आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं. शिक्षिकेला तिथे अर्धा दिवससुद्धा पुरणार नाही. सगळं मिळून तीन हजार किलोमीटरच्या आतबाहेर होतं. पंचवीस-सव्वीस दिवस द्या आणि फेब्रुवारी संपायच्या आत घरी या.

उत्तरेसाठी मात्र माझं मत लेहच्या विरुद्ध आहे, निदान पहिल्या खेपेला. यजमानांनी आखल्याप्रमाणे श्रीनगरकडून चढणं त्यातल्या त्यात बरं, कारण श्रीनगर सोळाशे मीटरवर, कारगिल सत्तावीसशेच्या आत, लेह साडेतीन हजार; शरीराला सवय होत जाते. अडचण मनालीच्या बाजूला आहे. तिथे सरचूसारखा मुक्काम बेचाळीसशे मीटरच्या वर येतो, पुढच्या खिंडी पाच हजारांच्या पुढे जातात आणि मध्ये तांडी ते कारू या तीनशेहून अधिक किलोमीटरच्या टप्प्यात भरवशाचा पेट्रोल पंप नाही. बीपीची गोळी घेणारा चौसष्ट वर्षांचा चालक आणि पहिलाच मोठा प्रवास, हे गणित मला पसंत नाही.

त्याऐवजी हिमाचलात किन्नौरमधून स्पितीला जा. गौरी-गणपती उरकले की सप्टेंबरअखेर निघायचं, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यानंतर स्पितीतलं काझा गाठता येतं. पुण्यात मुलीकडे एक रात्र, मग शिर्डी, शिरपूर आणि ओंकारेश्वर. ओंकारेश्वरला शेगाव संस्थानचं भक्तनिवास आहे. शेगावची शिस्त आणि स्वच्छता तुम्हाला मी काय सांगायची! पुढे ग्वाल्हेर. पानिपतला थांबाल हे सांगायची गरज नाही, काला आंबच्या स्मारकाशी मराठी माणूस थांबतोच. दिल्ली शहरात शिरू नका, बाहेरच्या वळणरस्त्याने काढा. गाडी किती सालची ते तुम्ही लिहिलेलं नाही. पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी दिल्ली परिसरात अडवतात आणि त्या नियमात बदल होत राहिले आहेत, म्हणून निघण्यापूर्वी ताजी स्थिती पाहून घ्या. शिवाय गाडीची नोंदणीसुद्धा पंधरा वर्षांचीच असते, आरसी बुकावरची तारीख आजच बघा.

खरी काळजी घ्यायची ती सिमल्याच्या पुढे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा डोंगरातला पक्का नियम. दिवसा कितीही वर जाऊन या, झोपायला खाली या. म्हणून नारकंडा, सत्तावीसशे मीटर, एक रात्र. कल्पा, तीन हजारांच्या जरा खाली, दोन रात्री. तिथे काहीच करायचं नाही, समोर किन्नर कैलास बघत बसायचं. तिथून पुढे बरेच लोक नाकोला मुक्काम करतात. नाको छत्तीसशेच्या वर आहे, म्हणजे एका उडीत जवळजवळ सातशे मीटर. तुम्ही नाकोला चहा घ्या आणि पुढे उतरून ताबोला झोपा, ते बत्तीसशे ऐंशीवर आहे. तिथला गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, इसवी सन ९९६ चा, मातीच्या भिंतींचा, आत अंधारात भित्तिचित्रं. तेवढ्यासाठीसुद्धा ताबोला दोन रात्री द्या. मग काझा. हिक्कीम, कोमिक ही गावं चार हजारांच्या वर आहेत, ती दिवसा पाहून काझाला परत यायचं. पेट्रोल रेकाँग पिओच्या खाली पोवारीला टाकी गच्च भरून घ्यायचं, त्यानंतरचा भरवशाचा पंप थेट काझाला.

आणि आल्या वाटेनेच परतायचं. काझाहून कुंझुम खिंड, बातल, ग्रांफू असा मनालीला उतरणारा रस्ता नकाशात जवळचा दिसतो, यजमानांचं बोट त्याच्यावर जाणारच. तो दगडगोट्यांचा आणि नाल्यांतून पाणी वाहणारा रस्ता आहे. सामानाने दबलेल्या ईकोचं पोट त्यावर घासणार. नको.

डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, चालताना झोक जाणं यांतलं काही दिसलं तर वर जायचं नाही. कमी झालं नाही तर त्याच दिवशी खाली उतरायचं, रात्र काढून बघू म्हणायचं नाही. निघण्यापूर्वी दोघांनीही डॉक्टरांकडे जा, यजमानांच्या बीपीच्या गोळीबद्दल विचारा आणि उंचीवरच्या त्रासासाठीची गोळी घ्यायची की नाही हेही त्यांनाच ठरवू द्या. त्या गोळीचा आणि सल्फाच्या ॲलर्जीचा संबंध असतो, म्हणून दुकानातून परस्पर आणू नका.

इथेच तुमच्या ड्रायव्हिंगचा मुद्दा येतो. ताबोला यजमानांचं डोकं धरलं तर गाडी कोण चालवणार? दोघांपैकी एकालाच गाडी येत असेल तर दोघांचाही जीव त्या एकाच्या तब्येतीवर टांगलेला राहतो. तुमच्याकडे लायसन्स आहे, म्हणजे निम्मं काम झालं. आता दर रविवारी सकाळी सांगली-कोल्हापूर रस्त्यावर गाडी तुम्ही घ्या आणि यजमानांना शेजारी बसवा, शक्य तितकं गप्प. दक्षिणेच्या प्रवासात रोज सकाळचा पहिला तास तुमचा. घाट चढण्या-उतरण्याचा सराव आंब्याच्या घाटात होईल. उतारावर कुठला गिअर ठेवायचा हे तुम्हाला त्यांच्याइतकं चांगलं कोण शिकवणार? ज्या गिअरात चढलो असतो त्याच गिअरात उतरायचं, एसटीचा हा धडा त्यांना पाठच असेल. उत्तरेहून परतताना इंदूर-धुळे रस्त्यावर मानपूरजवळचा आणि सेंधव्यापुढचा बिजासनचा उतार लागेल. तिथे ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांची मोठी परंपरा आहे, तिथे हा धडा लागेलच.

गाडीच्या कामाकडे वळते. यजमानांच्या हातात कला आहे म्हणूनच आवरायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. आसनं कायमची काढली, टप कापला, टाकी वेल्ड केली, तर वाटेत दंड होईल तो वेगळाच. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळेल. वेल्डिंग मशीन बाजूला ठेवा. प्लायवूडच्या खोक्यांचा सुटा पलंग करा, नटबोल्टवर जोडायचा, घरी आल्यावर अर्ध्या तासात काढून ठेवता येईल असा. खोक्यांत सामान, वर गादी. गाडीची एकूण रुंदी दीड मीटरच्या जरा आत आहे, आतून आणखी कमी, म्हणून अंथरूण दोघांना जेमतेम पुरेल. तुमचे गुडघे पाहता पलंगाची उंची बाहेर पाय सोडून बसलं की तळवे जमिनीला किंवा ठेवलेल्या पाटाला टेकतील एवढीच हवी. हे माप गाडीशेजारी खुर्चीवर बसून तुम्ही स्वतः द्या. सुतार आणि मेकॅनिक दोघेही ते अंदाजाने घेतात आणि मग रात्री दोनला अंधारात चढताना कळतं.

टपावरची टाकी रद्द. शंभर लिटर पाणी म्हणजे टपावर शंभर किलो, घाटातल्या वळणावर गाडी डुलणार. वीस लिटरचा एक कॅन खाली आणि दहाचा एक राखीव, रोज भरून घ्यायचा.

गॅस आत नको, कोणत्याही परिस्थितीत नको. बंद गाडीत शेगडी, सिगडी, कोळसा काहीही पेटवलं की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. पाच किलोचा छोटा सिलिंडर उभा बांधून न्या, स्वयंपाक बाहेर, गाडीच्या आडोशाला. कॅम्पिंगच्या दुकानांत मिळणारं ब्युटेनचं नळकांडं दक्षिणेत चालेल, पण शून्याच्या आसपास ते मान टाकतं, काझाच्या सकाळी त्यावर चहासुद्धा होणार नाही. तीन लिटरचा कुकर हवाच, कारण तिथल्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. झोपताना दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटं खाली, त्यावर मच्छरदाणीचं कापड. नाहीतर पहाटे काचांवरून पाणी ओघळून गादी ओली होते.

आता ज्याबद्दल तुम्ही संकोचाने एकच ओळ लिहिलीत ते. मला याच्यावर सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण आपल्याकडच्या बायका प्रवासात पाणी पिणं बंद करतात आणि तीच सगळ्या दुखण्याची सुरुवात असते. मैदानात उन्हाळी लागते, जंतुसंसर्ग होतो आणि डोंगरात पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, ते उंचीमुळे की पाण्यावाचून हेच कळत नाही. पाणी भरपूर प्यायचं आणि सोय बरोबर न्यायची, दुसरा मार्ग नाही.

सर्जिकल सामानाच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते, खाली डबा असलेली. ती घ्या. बरोबर उभ्या घडीचा छोटा तंबू, कपडे बदलण्यासाठी विकतात तो. रात्री गाडीच्या सरकत्या दाराला लागून तंबू उभा करायचा, म्हणजे दार सरकवलं की आतच. पायरीला पाट, हाताशी टॉर्च, डब्यात दोन मुठी लाकडाचा भुसा. गुडघे वाकवायला नकोत, अंधारात झाडी शोधायला नको, यजमानांना उठवायला नको. सकाळी डबा जवळच्या संडासात रिकामा करायचा. ओढ्यात, नदीकाठी, शेताच्या बांधावर कधीही नाही. तेच पाणी खालचं गाव पीत असतं.

ही रात्रीची तजवीज. दिवसासाठी आणि एकूणच मुक्कामासाठी जागा कशी निवडायची? दुपारी चार वाजले की थांबण्याची जागा शोधायला लागायचं, सहा वाजता गाडी लागलेली हवी. अंधारात कुठलीच जागा नीट कळत नाही. जागा दिसली की आधी तुम्ही उतरा आणि संडास बघून या : आतून कडी लागते का, पाणी येतं का, दिवा आहे का, वाटेत पायऱ्या किती. परत आलात की मान हलवा किंवा नाही म्हणा. नाही म्हटलंत तर गाडी पुढे जाईल, त्यावर चर्चा नाही. हा एवढा एक अधिकार यजमानांकडून आधीच लिहून घेतलात तरी चालेल.

सगळ्यात चांगली रात्र मला विचाराल तर एखाद्या होम स्टेच्या अंगणातली. कोकणात, कर्नाटकच्या किनाऱ्यावर, किन्नौरमध्ये, सगळीकडे हे जमतं. सरळ जाऊन बोलायचं : खोली नको, गाडी लावायला जागा, संडास-न्हाणीघर वापरायला आणि सकाळचा नाश्ता; काय द्यायचं ते सांगा. दोन म्हातारी माणसं, बाईच्या हातात पाण्याची बाटली, पुरुष गाडीत बसून. बहुतेक ठिकाणी घरातली बाईच बाहेर येऊन “या” म्हणते. कुंपण असतं, दिवा असतो, रात्री काही लागलं तर हाक मारायला माणूस असतं. पैसे ठरवून द्यायचे, पाहुणचारावर राहायचं नाही. गुरुद्वारांत आणि देवस्थानांच्या भक्तनिवासांत खोलीच मिळते, तिथे गाडीत झोपायचा आग्रह धरू नका. गुरुद्वारात डोकं झाकायचं, तंबाखू बाहेर ठेवायची आणि लंगरात जमेल तेवढं काम करायचं. पेट्रोल पंप आणि ट्रकवाल्यांचे ढाबे हे तिसऱ्या पसंतीचे. मालकाला विचारून, दिव्याखाली, गाडीचं तोंड रस्त्याकडे करून. जंगल, अभयारण्याची हद्द, समुद्राची वाळू आणि नदीचं पात्र या जागांवर रात्री गाडी लावायची नाही, चित्रात त्या कितीही सुंदर दिसल्या तरी.

आणि दर तिसऱ्या रात्री लॉजची खोली. यजमान म्हणतील, मग गाडी कशाला केली? त्यांना सांगा, कपडे वाळायला हवेत, गरम पाण्याने डोक्यावरून आंघोळ व्हायला हवी आणि पाय पूर्ण लांब करून झोपायला हवं. प्रवास महिनाभराचा असेल तर हे चैनीत मोडत नाही. काझाला तर सगळ्या रात्री खोलीच घ्या. ऑक्टोबरात तिथे रात्री पारा शून्याखाली जातो.

रोजची मर्यादा सपाटीवर अडीचशे किलोमीटर, डोंगरात शंभर-सव्वाशे. नारकंडा ते कल्पा आणि कल्पा ते ताबो हे दोन अपवाद, दोन्ही दीडशेच्या आसपास किंवा थोडे वर आहेत आणि अख्खा दिवस खातात. दोन दिवस चालवलं की तिसऱ्या दिवशी गाडी उभी. उत्तरेचं जाऊन-येऊन पाच हजार किलोमीटर धरलं आणि भरलेल्या गाडीला लिटरमागे पंधराचं ॲव्हरेज पडलं, तर तीनशे तीस-चाळीस लिटर पेट्रोल लागेल. लिटरला शंभर धरले तर तेहतीस-चौतीस हजार. खर्चाची वही तिथून सुरू करा. टोलसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना फास्टॅगचा वार्षिक पास निघाला आहे, तो तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्या असा सुरू झाला. दोन्ही प्रवास एका वर्षात बसवले तर तुम्हाला फायद्याचा आहे. तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, मुंबई-पुणे द्रुतगतीसारख्या राज्याच्या रस्त्यांवर नाही. महामार्गावर काही अडलं तर १०३३, इतर कशालाही ११२.

खाण्याचं तुम्हाला मी सांगू नये. फक्त ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांपेक्षा जास्त नेऊ नका, कडू होतं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि आपल्याकडचं भडंग टिकतं. भडंग जरा जास्तच न्या, अनोळखी अंगणात ओळख करून द्यायला त्याचा उपयोग होतो.

निघण्यापूर्वी सराव हवा. दिवाळीनंतर पहिली रात्र आपल्याच अंगणात, पण घरात पाऊल न टाकता. संध्याकाळी सातला दार बंद, सकाळी सातला उघडायचं. काय काय विसरलं याची यादी त्या एका रात्रीत तयार होते. दुसरी रात्र औदुंबरला किंवा नरसोबाच्या वाडीला. दोन्ही रात्री तुम्हाला झोप लागली तर दक्षिणेची तारीख पक्की करा. नाही लागली तर पलंग उसवून पुन्हा बांधा. सुटा केलेला असल्याने ते सोपं जाईल.

मुलीचं राहिलं. तिला पटवत बसू नका, तिला काम द्या. मुक्कामांची यादी, आरसी, विमा आणि औषधांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती तिच्याकडे ठेवा. रोज गाडी लागली की तिला ठिकाण पाठवायचं, रात्री आठला फोन. आठ वाजून गेले आणि फोन नाही तर तिने कुणाला विचारायचं, तो त्या मुक्कामाच्या मालकाचा नंबर यादीत आधीच असू द्या. आणि यजमानांच्या लायसन्सची मुदत आज संध्याकाळीच बघा. पंचावन्नच्या पुढे ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, संक्रांतीच्या तोंडावर धावपळ नको.